सेकोंदोच्या गाडीला घाट वर्ज्य

सेकोंदो गालेआची गाडी दोन वर्षं नवीच होती. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘इंजिन रुळत आहे’ अशी पाटी लावायची, हजार-दोन हजार किलोमीटर जपून चालवायची आणि मग पाटी काढून टाकायची, ही सगळ्या तुरिनची रीत. सेकोंदोची पाटी उन्हानं पिवळी पडली तरी जागची हलली नाही.

गाडी म्हणजे फियाट सहाशे, फिकट राखाडी. पंचावन्न साली ही गाडी निघाली आणि नवरा, बायको, दोन पोरं अशी स्कूटरवर कसरत करणारी आमची बोर्गो सान पाओलोची वस्ती हळूहळू चार चाकांवर आली. इंजिन मागे, सामान पुढे आणि दारं उलट्या बाजूनं उघडणारी. सेकोंदो कारखान्यात लेथवर होता. दर रविवारी अंगणात गाडी धुऊन तो पो नदीपर्यंत जाऊन यायचा. चालत निघालेली माणसं त्याच्या आधी पोचायची.

मी तळमजल्यावरचा शिंपी, तोंडाचा फटकळ. दारातूनच विचारायचो, “काय सेकोंदो, रुळलं का इंजिन?”

“अजून थोडं आहे, बात्तिस्ता.”

“तुझ्या पेन्शनीपर्यंत रुळेल ना?”

सगळं अंगण हसायचं. त्याची बायको एर्सिलिया मात्र हसायची नाही, आणि त्याला कारण होतं. तिची आई चेलेस्तीना समुद्रकाठच्या नोली गावातल्या कोळ्यांची लेक. लग्न करून लांगेच्या डोंगरात द्राक्षमळ्यात गेली ती पन्नास वर्षं तिथंच राहिली. आता पायांतलं बळ गेलं होतं, छाती भरत होती, आणि हिवाळा निघेल असं डॉक्टर काही छातीठोक सांगत नव्हता. म्हातारीचं एकच मागणं होतं, समुद्र एकदा डोळ्यांनी बघू दे. बस तिच्या दारापर्यंत जायची नाही, गाडी जाऊ शकत होती. पण मधे घाट होता, आणि घाटाचं नाव काढलं की सेकोंदोचं इंजिन रुळायचं राहिलेलं असायचं.

ऑगस्टात कारखाना बंद झाला. जो तो टपावर गाद्या बांधून समुद्राकडे निघाला आणि सेकोंदो फडकं घेऊन काचा पुसत बसला. एर्सिलिया जिना उतरून आली.

“माझी आई थांबणार आहे का रे तुझ्या इंजिनासाठी?”

त्यानं फडकं खाली ठेवलं. “इंजिनाला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मलाच झालंय.”

मग मी दारात उभा असतानाच त्यानं सांगून टाकलं. लढाईत अल्बानियाला तो ट्रक चालवायचा. एका उतारावर ब्रेक लागले नाहीत. तो बाहेर फेकला गेला, मागे बसलेले तिघं ट्रकबरोबर दरीत गेले.

“उतार दिसला की पाय गार पडतात माझे. पाटी असली की मागून कुणी हॉर्न मारत नाही, एवढंच.”

एर्सिलियानं खाली ठेवलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?” ती म्हणाली. “मीच शिकले असते की चालवायला.”

आणि ती खरंच शिकली. सप्टेंबरभर क्लासला गेली, परवाना घेऊन आली आणि नखांनी खरवडून ती पाटी काढली. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात सेकोंदोला सगळ्यांनी धारेवर धरलं. बायको चालवणार आणि तू मागे बसणार?

“बसणार,” तो म्हणाला आणि पेला संपवून उठला.

ऑक्टोबरच्या एका स्वच्छ रविवारी आम्ही निघालो, सेकोंदोनं सोबतीला मलाही घेतलं. लांगेतल्या घरून म्हातारीला सेकोंदोनं उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. मागे तो आणि मी, गुडघे हनुवटीला लावून. चढणीवर त्याचे कान इंजिनाकडे होते. वर पोचल्यावर सगळेच थांबतात तसे थांबलो, मागचं झाकण उघडून इंजिन निवू दिलं. मग उतार लागला. त्यानं पुढची सीट दोन्ही हातांनी आवळली आणि डोळे घट्ट मिटले.

“जावईबापू, सीट फाडाल,” चेलेस्तीना म्हणाली.

“फाटू दे, आई.”

“भीती वाटते?”

“हो.”

“मग मिटूनच ठेवा डोळे. आम्ही दोघी बघतोय रस्ता.”

मला त्या क्षणी त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले.

नोलीला किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एर्सिलियानं गाडी वाळूच्या कडेला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. म्हातारी काचेतून बघत राहिली.

“असा तर कॅलेंडरवरही दिसतो,” ती शेवटी म्हणाली.

सेकोंदो उतरला. पुढचं दार उघडून त्यानं तिला उचललं आणि बुटांसकट पाण्याकडे चालू लागला.

“अरे, बूट तरी काढ,” एर्सिलिया मागून ओरडली.

तो गुडघाभर पाण्यात पोचला होता. म्हातारीचे पाय लाटेला लागले.

“आणखी पुढे,” ती म्हणाली.

“आई, मला पोहता येत नाही.”

“मला येतं,” ती म्हणाली.

तो पुढे गेला.