मे महिन्याची वाट पाहणारा

अख्ख्या खानदेशात मे महिन्याची वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या काकांचा मुलगा निघाला. जळगावचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि ज्याला बाहेर पडावंच लागतं तो डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळून, डोळ्यांपुरती फट ठेवून निघतो. सगळं शहर दरोड्याला निघाल्यासारखं दिसतं. आम्ही त्या उन्हाला शिव्या घालत असताना हा गडी मात्र खुलायचा. एरवी ओळखीचं कोणी दिसलं की गल्ली बदलणारा हा प्राणी मे महिन्यात भर बाजारात हिंडायचा, लांबून हाका मारायचा, चौकात उभा राहून गप्पा छाटायचा. उसाचा रस मात्र प्यायचा नाही, कारण त्यासाठी रुमाल खाली करावा लागतो. "ताई, या दिवसांत सगळे सारखे दिसतात गं," असं तो मला एकदा म्हणाला होता. पुढे हवा निवली आणि लोकांनी रुमाल सोडले की त्याचा उन्हाळा संपायचा आणि तो पुन्हा गल्ल्या बदलू लागायचा.

त्याच्या चेहऱ्यावर मुरुमं होती. हे वाक्य फार साधं झालं. मुरुमं सोळाव्या वर्षी सगळ्यांनाच येतात आणि पाहुण्यांसारखी चार दिवस राहून जातात. याच्याकडे ती विशी गाठताना आली ती बिऱ्हाड करून राहिली. गालांवर, जबड्यावर, पाठीवर गाठी. काहींत पू, काहींत नुसता ठणका. कुशीवर झोपता येत नसे. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग असत, आणि अभ्रा तो स्वतःच धुवायचा, आईच्या हाती लागू द्यायचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर हसणार आहे, आणि त्याची थट्टा करायचा हक्क त्यानेच मला दिलेला असला तरी ते हसणं मला कधी फार सोपं गेलेलं नाही.

उपाय करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, जायफळ, बटाट्याचा रस, टूथपेस्ट, कुणीतरी सांगितलं म्हणून ओली हळद लावून तीन तास पंख्याखाली बसणं. तेही येड्यासारखं नाही, शिस्तीत. उजव्या गालावर एक औषध, डाव्यावर दुसरं. "उजव्या गालाला आयुर्वेद दिलाय, डावा होमिओपॅथीकडे आहे," असं तो गंभीरपणे सांगायचा. निकाल दोन्हीकडे सारखाच लागे. त्यातून नातेवाईक. लग्नाकार्यात भेटलेला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून पहिला प्रश्न विचारायचा, "पोट साफ होतं का?" चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत. शेवटी शेवटी तो कोणी तोंड उघडायच्या आत हात जोडून म्हणायचा, "नमस्कार काका, पोट साफ आहे."

घरच्यांचं मात्र निदान पक्कं होतं: "येना आंगमा गरमी शे." एरंडोलजवळच्या आमच्या गावात या निदानाला अपील नाही. त्याची शेवभाजी बंद झाली, ठेचा बंद झाला आणि वांग्याचं भरीत बंद झालं. भरीत न खाणारा खानदेशी माणूस घरात असणं ही काय नामुष्की आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. हिवाळ्यात शेतावर भरताची जेवणं व्हायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचं काम हाच करायचा, कारण त्याच्याइतकी एकसारखी कोणालाच भाजता येत नसत. मग आम्ही सगळे कळण्याच्या भाकरीबरोबर भरतावर तुटून पडायचो आणि हा बाजूला बसून वाटीत दूध-भात कालवायचा. एकदा मी न राहवून घास पुढे केला, तर म्हणाला, "नको ताई, तेवढ्यानेच बिघडलं असं व्हायला नको." इतकी वर्षं तो त्या एका घासाला घाबरून होता.

नोकरी मिळाली जळगावात, एका सराफाच्या दुकानात. सराफाचं दुकान म्हणजे नुसते आरसे. कोणता आरसा कुठे आहे हे त्याला असं पाठ होतं की तो डोळे न उचलता दुकानभर फिरायचा. थोड्याच दिवसांत शेठनी त्याला काउंटरवरून उठवलं आणि आत वजनकाट्यावर बसवलं. "गिऱ्हाईक बोलत नाही, पण बघतं ना," असं ते गोड आवाजात म्हणाले. त्या आठवड्यात त्याने एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली क्रीम लावायला घेतली. महिनाभर चेहरा असा उजळला की शेठ त्याला बाहेर बसवायच्या विचारात होते. क्रीम थांबवल्याबरोबर सगळं दुपटीने उसळलं. त्या दिवशी त्याने मला फोन केला आणि आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "धुळ्यात चेहऱ्याचा डॉक्टर आहे का गं?"

मी धुळ्यात दिलेली, शाळेत शिकवते. जळगावात चामडीचे डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथे प्रत्येक दवाखान्यात गावाकडचं कोणीतरी बसलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून हा दर महिन्याला एस.टी.ने धुळ्याला येऊ लागला. एरंडोलचा थांबा आला की खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. पायात चपला असायच्या, तरी.

आमच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याला उजेडात बसवलं, पाठ बघितली, रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट आल्यावर कॅप्सूल लिहून दिल्या. ओठ फुटतील, सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटेल, उन्हात फिरायचं नाही, मधेच बंद करायचं नाही, आणि गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, जेवणात थोडं तेल-तूप असलेलं बरं. "तेल?" हा दचकला. "मग भरीत?" बाई म्हणाल्या, भरताने हे होत नाही. त्याची बोटं मांडीवर हलू लागली. मी समजले, तो वर्षं मोजतोय. मग म्हणाला, "मॅडम, हे लिहून द्याल का? घरी दाखवायला." बाईंनी न हसता चिठ्ठीच्या खाली लिहिलं, 'भरीत चालेल.' नंतर त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, मन कसं असतं. "मजेत," असं तो म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. तेव्हा तो रडला.

औषध लागू पडत होतं. ओठ उन्हात पडलेल्या शेंगेसारखे तडकले होते, पण नवी गाठ येत नव्हती. तेवढ्यात आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया आली आणि हा गोळ्या घेऊन गावी गेला. गोळ्यांच्या पाकिटावर पोटुशी बाईचं चित्र असतं आणि त्यावर लाल फुली. ते नेमकं नानांनी पाहिलं. नाना म्हणजे माझे काका, याचे वडील, आणि मुलाचं लग्न अजून व्हायचं होतं. गल्लीतल्या एका जुन्या कंपाउंडरने चित्राचा अर्थ सांगितला: "हाई खादं ते लेकरं व्हवाव नहीत." नानांनी सगळं पाकीट मांडे भाजत होते त्या खापराखालच्या जाळात टाकलं. आणि एरवी दोन गालांवर दोन शास्त्रं चालवणारा हा पठ्ठ्या, वडिलांपुढे हूं की चूं करू शकला नाही. नवं पाकीट त्याने आणलंच नाही. थोड्याच दिवसांत सगळं परत आलं, आणि या खेपेला खोल आलं. मी गावी गेले आणि नानांशी आयुष्यात पहिल्यांदा भांडले. म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः चला आणि विचारा.

नाना आले. धुतलेली टोपी घालून डॉक्टरीणबाईंसमोर बसले आणि म्हणाले, "बाई, येन्ही बायकोले लेकरं व्हतीन ना? तेवढंच सांगा. मंग गोया द्या, नही ते इख द्या."

बाईंनी शांतपणे सांगितलं, की ती फुली गरोदर बाईसाठी आहे. तिने हे औषध घेतलं तर बाळाला धोका असतो. पुरुषाला मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. नानांनी दोनदा विचारून घेतलं. मग बाईंची नजर त्यांच्या गालांवर गेली. नानांचे गाल खड्ड्यांचे, गावात सगळे त्यांना देवीचा नाना म्हणतात. "तुम्हाला लहानपणी देवी आल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

नाना टोपीशी चाळा करत राहिले. "नही," ते म्हणाले. "हाईच व्हतं. लोके म्हनेत देवी निंघी. मीबी म्हनं, ऱ्हाऊ द्या. देवीले कोन्ही हासत नही."

माझा भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. हे त्याला नवं होतं, आम्हा सगळ्यांनाच नवं होतं. बाई चिठ्ठी लिहीत होत्या. नाना उठता उठता, जाता जाता भाजीचा भाव विचारावा तसं बोलले, "मन्हं आते काही व्हई का?"

"थोडं कमी होईल, काका. पूर्ण नाही जायचं," बाई म्हणाल्या. "याच्या वयात यायला हवं होतं तुम्ही."

"तवय माले कोन लई जातं?" असं म्हणून नाना हसले आणि बाहेर चप्पल शोधायला गेले.

पुढे औषध पुरं झालं. गाठी गेल्या. खड्डे राहिले, आणि डाव्या गालावरचे सगळ्यात खोल खड्डे त्या मधल्या खंडातले आहेत. हे त्यालाही माहीत आहे आणि नानांनाही. त्यावर दोघं कधी बोललेले नाहीत. शेठनी त्याला पुन्हा काउंटरवर बसवलं, तर याने आठवड्यात स्वतःहून वजनकाटा मागून घेतला. म्हणतो, आत बरं वाटतं. मला त्याचा रागही येतो आणि वाईटही वाटतं.

पण मला राहून राहून आठवते ती दवाखान्यानंतरची दुपार. नाना माझ्याकडे जेवून बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते, तोंडावर टोपी घेऊन. हा स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, पाणी हवंय.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "नानांचा लग्नाआधीचा एकही फोटो नाहीये आपल्या घरात. मला वाटायचं, तेव्हा परवडत नसेल."

मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं.