अडकणारं गाणं

आमच्या शेजारच्या भाऊजींना अख्खी गल्ली 'नंबरवाले' म्हणते. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. कुणी समोर आलं की ते आधी त्याच्या नाकाकडे बघतात, चष्मा घसरतोय का ते, आणि मग 'काय म्हणता' विचारतात. त्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि ती इतकी पातळ की तिकडे कुणाला ठसका लागला तर इकडून 'पाणी प्या' म्हणावंसं वाटतं.

त्यांची बायको, माझी मैत्रीण, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नोकरीपायी लांब, विमानानं जावं लागतं इतकी लांब. या थंडीत तिचा फोन आला. "बाबा, आपल्या घरातल्या सीडी उतरवून मला पाठवता का? इकडे सकाळी फार गप्प गप्प वाटतं."

तीन वर्षांत लेकीनं बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. एरवी 'कशी आहेस', 'बरी आहे', 'जेवलात का', 'जेवलो', की संपला फोन. भाऊजींनी दुकानाची दुपारची सुट्टी तासभर वाढवली, जुना कॉम्प्युटर पुसून घेतला आणि एकशे बारा सीडी टेबलावर रचल्या.

गाणं सीडीवरून उतरवताना आधी ठरवावं लागतं, फाइल केवढी हवी. त्याचे आकडे असतात, आकडा लहान तशी फाइल लहान. लहान केली की मोबाईलवर जास्त गाणी मावतात, पण आवाजातलं बारीकसारीक गाळलं जातं. किती गाळलेलं चालेल हे भाऊजींना कळेना, कारण वयानं कान जरा बोथट झालेले. म्हणून मला बोलावणं आलं.

"वहिनी, भिंतीकडे तोंड करून बसा. हे कानाला लावा. एक मूळ, एक लहान केलेलं. आता सांगा, हे बरं, की हे?"

डोळे तपासताना काचा बदलत विचारतात, अगदी तोच सूर.

"पहिलं."

"का?"

"दुसऱ्यात झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या वाटतात."

"एकशेअठ्ठावीस, बाद." त्यांनी वहीत फुली मारली. "आता? हे, की हे?"

एकशेब्याण्णवला मी घुटमळले. तीनशेवीसला म्हटलं, "भाऊजी, दोन्ही सारखीच आहेत. उगाच माझी परीक्षा बघू नका."

"सारखी वाटली ना, मग नंबर लागला. हे एमपीथ्री तिच्या मोबाईलसाठी."

"म्हणजे सुटले मी."

"घरात ठेवायला मात्र फ्लॅक. त्यात काही गाळत नाहीत, नुसती घडी घालतात. काच एकदा घासली की परत जाड होत नाही, वहिनी. मूळ काच आपल्यापाशी असलेली बरी."

शेवटचा प्रश्न वेगाचा होता. कॉम्प्युटर सीडी भरभर वाचू शकतो, किंवा सावकाश, चरा आला की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून चूक दुरुस्त करत. दोष काढण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस काय निवडणार? त्यांनी सावकाश निवडलं. मुलीची सगळ्यात आवडती सीडी तर चऱ्यांनी भरलेली. लहानपणी तिनं ती बाहुल्यांच्या घरात ताट म्हणून वापरली होती. त्यातल्या एका गाण्याला पाऊण तास लागला, पण उतरलं ते धुतल्यासारखं. भाऊजींनी ते सगळ्यांत आधी पाठवलं आणि मला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून बसले.

"बाबा, हे दुसरं कुठलं आहे का?"

"दुसरं कशाला? आपलंच आहे, साफ केलंय."

"यात अडकत नाही... राहू दे. छान आहे."

त्या 'छान आहे'नं भाऊजींचा चेहरा असा उतरला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"अडकायचं म्हणजे?" फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं, या माणसाला ठाऊकच नाही. साडेसातला ते दुकान उघडायचे. त्यानंतर त्यांच्या घरात काय वाजायचं ते मला माहीत, त्यांना नाही.

"दुसऱ्या कडव्यात 'उजेड' शब्दावर अडकायचं. उजे, उजे, उजे. मग तुमच्या घरातून टक् असा आवाज यायचा आणि गाणं पुढे जायचं."

वेग बदलून त्यांनी तीच सीडी भरभर उतरवून पाहिली. तरी गाणं कुठे अडकलं नाही. अडकायचा तो जुना प्लेअर, आणि तो होता आमच्या फ्रिजवर. नवा घेतला तेव्हा मैत्रिणीनंच मला दिलेला. मी तो पुसून घेऊन आले. सीडी घातली. दुसरं कडवं आलं आणि 'उजे, उजे'. भाऊजी मोबाईल पुढे धरून उभे. दोनदा झाल्यावर त्यांनी बोटानं प्लेअरवर टकटक केलं. गाणं सुटलं. रेकॉर्डिंग गेलं.

उत्तर लगेच आलं. "बाबा, लवकर मारलंत. आई बराच वेळ होऊ द्यायची."

"किती वेळा?" त्यांनी वही उघडली. "तुम्ही भिंतीपलीकडे होतात, वहिनी. नंबर सांगा."

"नंबर नव्हता, भाऊजी. ती शाळेसाठी पोरीची वेणी घालत असायची. दोन्ही हात केसांत. गाणं अडकलं तरी हातातली वेणी सोडणार कशी? गाठ बसली की मग फणीच्या दांड्यानं टक्. कधी चार वेळा, कधी पाच."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मी कधी घातली नाही तिची वेणी."

"आता कुणाची घालणार?" मी हसण्यावारी नेलं.

ते उठून दुकानात गेले आणि गळ्यात चष्मा अडकवायच्या तीन काळ्या दोऱ्या घेऊन आले. खुर्चीच्या पाठीला बांधल्या. मी दाखवलं, उजवी मधे, डावी मधे. काचेचा कण चिमट्यानं उचलणारी ती बोटं दोऱ्यांत पार गोंधळली. "घट्ट ओढू नका," मी म्हटलं, "पोरगी ओरडेल."

"ओरडायची?"

"रोज."

मग त्यांनी कपाटातून फणी काढली, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टेबलावर उताणा ठेवला आणि गाणं लावलं. अडकलं तसे गुंफत राहिले. मी मनात मोजत होते. अकराव्या 'उजे'ला गाठ बसली आणि त्यांनी फणीचा दांडा हलकेच आपटला.

या वेळी लेकीनं लिहिलं नाही, फोनच केला. "अकरा? बाबा, माझी शाळा बुडाली असती."

"शिकतोय गं," भाऊजी म्हणाले. मी घरी आले तरी भिंतीपलीकडे त्यांचं बोलणं चालूच होतं. आई रिबिनी कुठल्या डब्यात ठेवायची, ते ती त्यांना सांगत होती.

प्लेअर मी परत मागितला नाही. हल्ली सकाळी साडेसातला त्यांचं दुकान उघडत नाही, आठला उघडतं. माझा हात कामात असतो, पण कान तिकडेच. परवा सातव्या 'उजे'लाच टक् झालं.