प्रिन्सची अळणी बिस्किटं

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिले.

आमचे शेजारी वसमतच्या मोंढ्यात हळदीचे व्यापारी. त्यांनी हौसेनं पांढरा पॉमेरियन आणलाय, प्रिन्स. क्रीमची बिस्किटं खाऊन त्याचे केस झडायला लागले. डॉक्टरनं मीठ, साखर, कांदा-लसूण सगळं बंद सांगितलं.

मला दया आली. ज्वारीच्या पिठात उकडलेला लाल भोपळा मळला, तव्यावर कडक बिस्किटं भाजली आणि सकाळी डबा नेऊन दिला.

दुपारी पाहते तर प्रिन्स ओकून राहिलाय आणि ताटलीतल्या बिस्किटांवर लसणाची चटणी, वर तेलाची धार.

"भाऊजी, हे काहून केलं?"

"वहिनी, आमच्या घरात अळणी कोणालाच वाढत न्हाईत. लोक काय म्हणतील? इज्जतीचा सवाल हाय."

कुत्र्याच्या ताटलीत कोणते लोक डोकावतात, ते त्यांनाच माहीत.

मी रिक्षा बोलावली. प्रिन्स माझ्या मांडीवर कण्हत होता, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि भाऊजी आत इस्त्रीचा शर्ट शोधत होते. शेवटी मी एकटीनंच त्याला दवाखान्यात नेलं.

आता तो बरा आहे, माझ्याच घरी आहे. संध्याकाळी भाऊजी त्याला न्यायला येतील, शर्ट सापडला तर. तुम्ही परत दिला असता का?