श्रीरंगच्या सात वह्या

श्रीरंग सरंजामे गेला तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या शोकसभेत मीच बोललो. चांगलं बोललो म्हणे. माझ्यासारख्या खोटारड्या माणसाला त्या दिवशी बोलायला उभं करायला नको होतं, पण मी किती खोटारडा आहे हे तेव्हा मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

श्रीरंग मूळचा सोलापूरचा. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. पोरगा हुशार निघाला आणि १९५८ साली माग बनवण्याचं काम शिकायला इंग्लंडमध्ये बर्नलीला गेला. बर्नली हे कापडगिरण्यांचं लहानसं गाव. तिथलं क्रिकेटचं मैदान आणि फुटबॉलचं मैदान एकमेकांना लागून आहेत. ऑगस्टातल्या एका शनिवारी हा क्रिकेट बघत बसला होता, तेवढ्यात पलीकडून एकच गलका उठला. काय आहे ते बघू तरी, म्हणून उठून गेला तो कायमचाच गेला. मी त्याला म्हणायचो, "लेका, एक भिंत ओलांडलीस आणि बाटलास." तो नुसता हसायचा.

पुढं तो अमेरिकेत आला. वुस्टरला मागांचा मोठा कारखाना होता, तिथं नोकरी आणि शेजारी श्रूजबरीत घर. मी तीन वर्षांनी आलो. दोन गल्ल्या सोडून राहायचो. आमच्या इथल्या मराठी लोकांत डॉक्टर फार, इंजिनिअर त्याहून फार, पण फुटबॉलवाला हा एकच. इथले लोक ज्याला फुटबॉल म्हणतात ते बघून तर त्याचं डोकंच फिरायचं. शनिवारी दुपारी बारा वाजता तो कुणाकडे जेवायला जायचा नाही, कारण त्या वेळी शॉर्टवेव्हवर बीबीसीचे निकाल लागत. खरखरीतून एक आकडा ऐकायला हा माणूस रेडिओला कान चिकटवून बसायचा आणि त्याची बायको, वसुधावहिनी, आमटी पुन्हा गरम करायच्या.

निकाल तरी कसले? बर्नली साठ साली इंग्लंडचा विजेता होता. नंतर घसरत घसरत पंच्याऐंशीत लीगच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या वर्गात आला. त्याच वर्षी वुस्टरच्या कारखान्यात श्रीरंगला ले-ऑफ मिळाला. चोपन्नाव्या वर्षी मागांच्या इंजिनिअरला कोण विचारतो? वहिनी बँकेत जायच्या, हा घरी. एकदा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता मला म्हणाला, "सोलापूरची गिरणी बसली, बर्नलीच्या बसल्या, आता हा कारखाना. मी जातो तिथलं सगळं बुडतं, पुरू." मी म्हटलं, "मग माझ्या घरी येत जाऊ नकोस." मला असलंच बोलता येतं. समोरचा रडकुंडीला आला की माझी जीभ वळवळते.

घरी बसल्या बसल्या त्यानं क्लबचा इतिहास लिहायला घेतला. मराठीत. सात वह्या. १८८२ साली रग्बी खेळणाऱ्या पोरांनी क्लब काढला तिथपासून, एकेका खेळाडूसकट. त्यातलं एक प्रकरण त्यानं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला दिलं. संपादक कोण, तर मी. समितीत सगळे हसले. मी ते परत पाठवलं आणि वर लिहिलं, 'विषय आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा नाही.' दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून त्याच्या घरी गेलो.

तो रागावला नव्हता. तेच जास्त लागलं. मी विचारलं, "अरे, इंग्रजीत का नाही लिहीत?"

"इंग्रजीत लिहायला तिथले लोक आहेत. मराठीत कोण लिहिणार?"

"आणि मराठीत वाचणार कोण?"

त्यानं परत आलेली पानं टेबलावर सारखी केली. मग म्हणाला, "तेच तर. फुटबॉल कळतो त्याला मराठी येत नाही, मराठी येतं त्याला फुटबॉल नको. सुलेखाला तर दोन्ही नको." सुलेखा म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. "एकानं वाचलं तरी पुरे, पुरू. एकानं."

मी भिडेखातर म्हटलं, "दे मला. सगळं वाचतो."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला परत बघवेना. "आठवडाभरानं देतो," म्हणाला, "शेवटचा हात फिरवायचाय." आणि खरंच आठवड्यानं कापडी पिशवीत सातही वह्या घालून घेऊन आला. तो सप्टेंबर शहाऐंशीचा.

पिशवी मी बेसमेंटमध्ये फर्नेसच्या बाजूला टेबलावर ठेवली. थँक्सगिव्हिंगला वाचू म्हटलं. मग ख्रिसमसला. माझी बायको पद्मिनी दोनतीनदा म्हणाली, "अहो, त्यांच्या वह्यांचं काय झालं?" मी तिच्यावरच खेकसलो. एकदा पहिली वही उघडली होती, नाही असं नाही. डॉसन नावाच्या गोलकीपरची १९१४ च्या फायनलला दुखापतीमुळे संधी हुकली, असं काहीतरी होतं. चार पानांत डोळे मिटले.

श्रीरंग एका शब्दानं विचारायचा नाही. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलं की तो स्वयंपाकघरात फोनजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा. सुलेखा मैत्रिणीशी बोलत बसली की तिच्यावर ओरडायचा, "लाइन मोकळी ठेव, कुणाचा फोन यायचा असेल." ती म्हणायची, "नोबडी कॉल्स यू, डॅड." मला वाटलं, नोकरीच्या फोनची वाट बघतोय. मी त्याला समजावलं, "अरे, येईल रे फोन. धीर धर." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "धरलाय."

मे महिन्यात बर्नलीची शेवटची मॅच आली. चौथ्या वर्गातही अगदी तळाला. हरले असते तर शंभर वर्षांचा क्लब लीगमधूनच बाहेर. त्या शनिवारी मी लॉन कापायचं यंत्र मागायला गेलो होतो. रेडिओ बोलला आणि श्रीरंग टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला. मला वाटलं, गेले. "दोन-एक," तो म्हणाला. "जिंकले. वाचले रे, पुरू." मी म्हटलं, "चला, बरं झालं. यंत्र गराजमध्येच आहे ना?"

त्यानं यंत्र काढून दिलं. मग यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून विचारलं, "वह्या झाल्या का वाचून?"

"कधीच," मी म्हटलं. "झकास लिहिलंयस."

"मेरेडिथचं प्रकरण कसं वाटलं?"

"एकदम उत्तम. सगळ्यात तेच आवडलं."

"अस्सं," तो म्हणाला. "मग पिशवी दे कधीतरी आणून." आवाज नेहमीचाच होता. मी दुसऱ्या दिवशी पिशवी पोचवली आणि डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून खूश झालो.

त्यानंतर श्रीरंगनं माझ्यापाशी फुटबॉलचा विषय काढला नाही. मला बरंच वाटलं. हवापाण्याचं बोलायचो, मुलांच्या कॉलेजांचं बोलायचो. शनिवारी बारा वाजता तो आता आमच्याकडे जेवायलाही यायचा. पद्मिनी म्हणाली, "सुधारले की हो." अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत बर्फ काढतानाच त्याला अटॅक आला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं.

महिन्याभरानं वहिनींनी मला बोलावून तीच पिशवी हातात दिली. "तुम्हीच ठेवा, भावजी. आम्ही कुणी वाचणार नाही. ते म्हणायचे, जगात एकानंच वाचलंय, पुरूनं. समाधान होतं हो त्यांना."

मी पिशवी घेऊन गाडीत बसलो. माझं खोटं हा माणूस खरं धरूनच गेला, असं वाटलं. गाडी सुरू करायचंही सुचेना.

त्या शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये वाचायला बसलो. फार सुंदर लिहिलं होतं, हे सांगायलाच हवं. गिरणीतून तडक मैदानावर येणारी माणसं, त्याला थर्मासमधला चहा देणारा म्हातारा विणकर, एकेक खेळाडू घरचा असावा तसा. मी मूर्ख, दीड वर्षापूर्वीच हे का नाही वाचलं मी? पाचव्या वहीत १९६० साल आलं. आख्ख्या हंगामात बर्नली एकदाही पहिल्या नंबरवर नव्हता. शेवटची मॅच मँचेस्टरला, जिंकली तरच विजेतेपद. बाहेर हजारो लोक तिकिटावाचून राहिलेले. श्रीरंग आत होता. एक गोल यांचा, एक त्यांचा. मेरेडिथ नावाचा खेळाडू, दुसरा एकजण जखमी झाला म्हणून त्याच्या जागी आलेला, त्याच्याकडे चेंडू आला.

पान उलटलं. पुढच्या पानावर चारच ओळी होत्या, वेगळ्या शाईत.

'पुरू, इथपर्यंत आलास की फोन कर. हा गोल मी मुद्दाम लिहिलेला नाही. अठ्ठावीस वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून सांगितला नाही. तुला तोंडानं सांगायचाय. वाट बघतो.' आधी 'सव्वीस' लिहिलं होतं, ते खोडून वर 'अठ्ठावीस' केलेलं. म्हणजे वह्या परत गेल्यावरही हे पान उघडून तो बसला होता.

त्यापुढचं पान कोरं होतं. मेरेडिथचं प्रकरण नव्हतंच; माझं खोटं त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि माझ्यासाठी हा माणूस बायकोशी खोटं बोलला होता.

मी वर येऊन फोन लावला. बारा वाजून गेले होते. वहिनींनी उचलला. मी विचारलं, "वहिनी, साठ सालच्या त्या मँचेस्टरच्या मॅचबद्दल श्रीरंग तुम्हाला कधी काही बोलला होता का? तो शेवटचा गोल कसा झाला, वगैरे?"

"मला? नाही हो," त्या म्हणाल्या. "मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, ते पुरूसाठी ठेवलंय. तुम्हाला सांगितलं असेल ना?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."