तळ्यात दिसलेली गाडी

ताईने सांगितलं होतं, फाट्यावर उजवीकडे वळ. जेवतो तो हात उजवा, हे मला लहानपणी घोटून घोटून शिकवलेलं; मी डावखुरा आहे, याकडे शिकवणाऱ्यांचं लक्ष नव्हतं. मी झोकात डावीकडे वळलो आणि ताईच्या अर्ध्या आयुष्याची मेहनत घेऊन तळ्याच्या बांधावर चढलो.

ताईचं काम म्हणजे विमानातून रडारने जमिनीचं चित्र काढायचं. त्यात घरं-झाडं जागच्या जागी उमटतात. चालतं वाहन मात्र भलतीकडेच सरकून दिसतं. आगगाडी रूळ सोडून खुशाल शेतातून धावते. "आमच्या ह्यांच्यासारखं," ताई म्हणते. "निघतात भाजी आणायला, सापडतात न्हाव्याच्या दुकानात." यावर तिने उपाय काढला होता. विमानाच्या पोटाखाली पुढेमागे दोन अँटेना लावायच्या, दोघींना दिसलेल्यातल्या फरकावरून गाडीचा वेग काढायचा, आणि वेगावरून तिची खरी जागा. आज ते साहेबांसमोर सिद्ध व्हायचं होतं, नाहीतर प्रकल्पाला कुलूप. ठरलेला ड्रायव्हर नेमका तापाने फणफणला, म्हणून घरचा माणूस धरून आणला. तो मी.

मी ताईच्या ऑफिसात परतलो तेव्हा पडद्यावर माझी गाडी भर तळ्यात होती.

"बुडाली," साहेब म्हणाले.

"तिथे नुसती दिसतेय. आहे ती बांधावर," ताई म्हणाली.

"बाई, गाडी पाठवली होती उजव्या रस्त्याने. तळंही चूक आणि बांधही चूक. आता आवरतं घ्या."

दुसरं कुणी असतं तर 'विमान पुन्हा उडवून बघू' म्हणत पाया पडलं असतं. ताईने आकडेमोड पुन्हा केली. उत्तर तेच.

"गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "माणूस चुकला असेल." आणि दाराआड अंग चोरून उभ्या असलेल्या माझ्याकडे वळली. "कुठून गेलास रे?"

मी दाराआडून पुढे झालो. "बांधावरून."

साहेब उठून पडद्याजवळ गेले. "म्हणजे गाडी कुठेय हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि तरीही..." वाक्य तिथेच सोडून त्यांनी आपली खुर्ची ताईकडे सरकवली. टाळं ठोकायला आलेला माणूस चहा गार होईपर्यंत पुढची उड्डाणं ठरवत बसला. एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे ताईचे सहकारी टेबलं बडवत होते.

घरी निघताना मी छाती काढून गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलो. "ताई, खरं सांगू? मी चुकलो म्हणून तू जिंकलीस. नाहीतर लोक म्हणाले असते, उत्तर आधीच ठाऊक होतं हिला."

ताईने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक पलीकडे, गाडी मी चालवते."