आई अकरा दिवस माझ्याकडे होती

रानशेतच्या फाट्यावर नाशिकची एसटी थांबली तेव्हा मला निरोप द्यायला बारा माणसं आली होती, आणि मी त्यातल्या एकाकडेही बघत नव्हतो. मागच्या चाकावरची सीट कुठली, ते मी कंडक्टरला विचारत होतो. ती टाळायची होती, तिथे बसलं की हादरा थेट दातांपर्यंत येतो. काकू रडत होती. दादाने बॅग वर टाकली. बाबा रस्त्याच्या कडेला विडी ओढत उभे होते. आई खिडकीखाली आली आणि म्हणाली, "समोरचा बोलला की त्याच्या तोंडाकडे बघत जा. रोज एकच खाऊ नको. कोणी हसलं तर तूही हस." मी वही काढून ते लिहून घेतलं. गाडी हलली तरी लिहीतच होतो, मान वर केली नाही. मेल्याने वळूनसुद्धा बघितलं नाही, असं काकू पुढची वीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिली.

गाववाल्यांनो, तुमच्यातले जे बोईसरला, वापीला, सुरतेला कामाला गेले, त्यांना गावाची आठवण येते म्हणजे माणसांची येते. लग्नातला नाच, शेतावरची थट्टामस्करी, कोणीतरी रस्त्यात अडवून "कधी आलास, किती दिवस आहेस" विचारतं ते. मला यातलं काही आठवून बरं वाटत नाही. राग आला तर येऊ द्या, तुम्ही तसेही माझ्यावर रागावलेले आहात. मला आठवायची ती आमच्या घरातली शांतता. भांड्यावर भांडं आपटत नसे. आई लांबून हाक मारत नसे, जवळ येऊन बोलायची. पाहुणेसुद्धा आमच्याकडे आले की हळू बोलत. मला वाटायचं, गाव असंच असतं.

नाशिकला लॅबचा कोर्स करायला गेलो आणि तीन वर्षांत सहा खोल्या बदलल्या. एका खोलीखाली पिठाची गिरणी होती. एका खोलीतला पार्टनर झोपेत दात खायचा. एका ठिकाणी गच्चीवरच्या टाकीचा नळ गळायचा. तिथला मालक म्हणाला, "एवढ्याशा आवाजाने काय होतं रे तुला?" काय होतं ते मला सांगता आलं नाही. आता सांगतो. पंखा, ट्यूबलाइट, शेजारचा कुकर आणि माझ्याशी बोलणारा माणूस, हे सगळे मला सारख्याच जोराने ऐकू येतात. तांदळातले खडे मला वेचता येतात, आवाजातले येत नाहीत. दुपारपर्यंत मी दमलेला असतो, आणि काम तर काहीच केलेलं नसतं.

काम मात्र मला चांगलं मिळालं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या. तिथे कोणी बोलत नाही. गोंधळ व्हायचा तो जेवणाच्या सुट्टीत. एका सहकाऱ्याची आई वारली, तो पंधरा दिवसांनी कामावर आला, आणि मी त्याला पहिलं वाक्य बोललो ते त्याने आधी केलेल्या एका रिपोर्टमधल्या चुकीबद्दल. चूक खरोखर होती. सगळे महिनाभर माझ्याशी बोलायचे थांबले. मला ते तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं.

छत्तिसाव्या वर्षी लॅबच्या मोठ्या मॅडम मला स्वतः मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तीन वेळा जावं लागलं. मग शब्द मिळाला, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा मराठी शब्द ज्याने काढला त्याच्यावर माझा राग आहे. स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं? मी तर शेजारच्या कुकरमध्ये असतो. मी घरी फोन करून सांगितलं. दादाने विचारलं, "गोळी आहे का त्याला?" मी नाही म्हटलं. "मग कळून काय उपयोग?" आईने फोन घेतला आणि विचारलं, "जेवलास का?"

गेल्या वर्षी आईचा मोतीबिंदू पिकला. दादा म्हणाला, "वीस वर्षं मीच बघतोय सगळं. एक डोळा तरी तू कर." त्याचं बरोबर होतं. बाबा वहिनीच्या हवाली राहिले आणि आई ऑपरेशनला माझ्याकडे नाशिकला आली. नऊ वर्षं मी त्या खोलीत एकटा राहत होतो.

डोळ्यात घालायची औषधं दोन होती. एक दर दोन तासांनी, दुसरं दिवसातून चारदा, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. मी तक्ता करून भिंतीला लावला, लॅबला गेलो की फोन करून तिला घालायला लावायचो. एक थेंब चुकला नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मुलगा असावा तर असा," आणि आईने ते बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना सांगितलं. मला फार आनंद झाला. मुद्दाम लिहितो, कारण मला काही वाटतच नाही असं पुष्कळ जणांना वाटतं.

पण तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, एकेका हातात सहा. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून ती चाचपडत चालायची. बांगड्या भिंतीला लागत, खाटेच्या लोखंडाला लागत, ताटाला लागत. दर वेळी कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. तीन दिवस मी सहन केलं. बाथरूममध्ये जाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचो. झोप नव्हती. चौथ्या दिवशी लॅबमध्ये एक स्लाइड चुकीची मोजली, जे माझ्याकडून कधी होत नाही. संध्याकाळी घरी आलो आणि म्हणालो, "आई, बांगड्या काढ. आवाज होतो." पंखा बंद कर म्हणावं तसं म्हणालो.

ती उठून मोरीकडे गेली. मग हाताला साबण लावून एकेक बांगडी काढली आणि रुमालात बांधून ठेवली. "दोरा आहे का रे? हळदीत बुडवून दे," म्हणाली. मी दोरा हळदीत बुडवून दिला, दोन्ही मनगटांना नीट बांधूनही दिला. कशाला ते विचारलं नाही. मला वाटलं, अडचण होती, ती सुटली.

पुढचे सात दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. रोज वरण, भात आणि एकच भाजी. तीही तेच जेवली. मी तिला म्हटलं, "तू इथेच राहा माझ्याकडे." असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. मला ते खरंच हवं होतं, अजूनही हवं आहे. ती म्हणाली, "बघू."

निघायच्या दिवशी तिने बांगड्या परत चढवून बघितल्या. हात सुजलेला होता, दोन फुटल्या. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी फुटल्या म्हणतो, कारण त्या फुटल्या. मग तिने नाद सोडला. दादा तिला न्यायला आला होता, त्याचं तिच्या हातांकडे लक्ष गेलं नाही.

वहिनीचं गेलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊजी, बाबा ओट्यावर बसलेत. धडधाकट आहेत. आणि आई शेजारणींसमोर उघड्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणते, त्याला आवाज होतो. तुम्हाला कळतं का काही?" मी म्हटलं, "नाही." ते उर्मटपणे म्हटलं नव्हतं, खरंच कळलं नव्हतं. नवरा हयात असताना बाईचे हात मोकळे म्हणजे काय, ते मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं या दोन गोष्टी माझ्यात एकत्र येत नाहीत.

मग वहिनीने बाकीचंही सांगितलं. मी लहान असताना बांगड्या वाजल्या की किंचाळायचो, भिंतीवर डोकं आपटायचो. म्हणून आई दिवसभर बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून, वरून फडकं बांधून वावरायची; नाशिकला हात सुजल्यामुळे तेवढं जमलं नव्हतं. भांडी गोणपाटावर ठेवायची. पाहुण्यांना कुंपणाजवळच गाठून हळू बोलायला सांगायची. सासूने तिला रोज ऐकवलं, नवऱ्याच्या मुळावर उठलीस म्हणून. "मी लग्न होऊन आले, तुम्ही सुट्टीला येणार होतात, तेव्हा आईने मला पहिलं हेच शिकवलं," वहिनी म्हणाली. "तुमची गाडी गेली की मग आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो."

मी सहा खोल्या बदलून जे शोधत होतो ते रानशेतलाही नव्हतं. घर इतरांच्या घरासारखंच होतं. आईने ते माझ्यापुरतं गप्प ठेवलं होतं.

मी दोन दिवसांची रजा काढून घरी गेलो. माफीचं वाक्य कागदावर लिहून एसटीत पाठ केलं होतं. वहिनीने आईला डहाणू रोडच्या बाजारात नेऊन नव्या बांगड्या भरून आणल्या होत्या. मी म्हणालो, "माझी चूक झाली. मला तेव्हा सुचलं नाही." आई म्हणाली, "तुला कुठे ठाऊक होतं," आणि बोलता बोलता एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या कोपराकडे दाबून बसवल्या, मग दुसऱ्या हातातल्या. तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मी पहिल्यांदा नीट बघितलं. कोपराखाली कातडीवर काळपट वळ होते, जुने.

"आई, खाली असू देत."

"असू दे रे. सवय आहे."

मी हट्ट धरला. तिने खाली सोडल्या. त्या वाजल्या आणि माझे खांदे उडाले. मी ठरवून आलो होतो, पण माझं शरीर माझं ऐकत नाही, याला मी काय करू? तिने ते बघितलं आणि बांगड्या पुन्हा वर चढवल्या.

तासाभराने मी सांगितलं, "लॅबमधून फोन आलाय. उद्या ड्यूटी आहे." फोन आला नव्हता, मोबाइल बॅगेत बंद होता. मला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात, पण सगळ्यांनी विश्वास ठेवला. दादा म्हणाला, "बघितलंस आई, एक रात्र राहवत नाही याला." काकूला पुढच्या वीस वर्षांची सोय झाली.

कुंपणापर्यंत गेलो आणि मागे आई भांडी घासायला बसली. माझे कान कसे आहेत ते मी सांगितलं. बांगड्या सगळ्या एकदम खाली आल्या आणि वाजत राहिल्या. मला तो आवाज अजूनही सोसत नाही. मी उभा राहून ऐकला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी रानशेतच सांगतो. जातोही. फक्त तिथे राहत नाही, कारण मी असलो की माझ्या आईला तिच्याच घरात हात आवरून बसावं लागतं.