अदालत उठेपर्यंतची कैद

माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि नेमकी तेव्हाच वालूरला बातमी पोचली की मुलगा कैद भोगून आलेला आहे.

मी तेव्हा सेलूच्या शाळेत मास्तर होतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. मुलीच्या वडिलांचं वालूरला किराणा दुकान होतं, थोडी शेतीही होती. सेलूच्या बाजाराच्या दिवशी माल न्यायला ते यायचे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते सरळ वर्गात आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात रिकामं पोतं. पोरांच्या तरटावर मांडी घालून बसले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला तरी हात लावला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"मास्तर, एक इचारतो, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमाला कैद झालती म्हनं. गावात लोकं बोलायलेत. खरं हाय का खोटं?"

खोटं म्हणून मोकळा झालो असतो. पण अदालतीचं काम तेव्हा उर्दूत चालायचं, आणि ज्या कागदावर माझा निकाल लिहिला होता त्यात 'कैद' हा शब्द होता, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला होता.

"खरं हाय, मामा," मी म्हणालो. "पन लय थोडी झालती."

"थोडी म्हंजी? म्हैना? दोन म्हैने?"

"दुपारपासून चार वाजंपस्तोर."

मी चेष्टा करतोय असं वाटून त्यांचा चेहरा आणखीच ताठ झाला. मग मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं.

मी परभणीला शिकत होतो तेव्हा एका मित्राबरोबर खोली घेऊन राहायचो. संक्रांत झाल्यावर एकदा आम्ही भाड्याची सायकल घेतली. मी चालवत होतो, तो पुढं दांड्यावर बसला होता. सायकलीला घंटी नव्हती. म्हणून तो मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, गर्दीतून "बाजू! बाजू!" ओरडत चालला होता. कोपऱ्यावर पोलीस उभा होता, त्यालाही हा "बाजू!" म्हणाला. पोलीस बाजूला झाला नाही. त्यानं सायकलीचा कान धरावा तशी मूठ धरली आणि चालान केलं. सायकल मी चालवत होतो म्हणून नाव माझं लागलं.

तारखा पडत पडत महिन्याभरानं मी अदालतीत मुन्सफ साहेबांपुढं उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "घंटी क्यूं नहीं थी?" मी घाबरून खरं ते सांगितलं, "होती ना साहेब, दांड्यावर बसली होती." अदालतीत हशा पिकला. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि हुकूम सुनावला, "कैद, ता बरखास्ते अदालत." म्हणजे अदालत उठेपर्यंत कैद. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी शिवरात्र होती, म्हणून उपासाला घेतलेली रताळी माझ्या पिशवीत होती. शिपायानं त्यातलं एक मागून घेतलं. चार वाजता साहेब उठले, मीही उठलो आणि खोलीवर गेलो.

मामांनी सगळं ऐकलं. चेहरा जरासा सैल पडला, पण पाण्याला हात लागला नाही.

"तुमी सांगता ते खरंच असंल," ते म्हणाले. "पन मला घरी जाऊन चार मान्सांला तोंड द्यायचंय. मास्तर म्हनला म्हनून खरं, असं न्हाई चालत. कागद पायजे. अन् कागद काडायला मी संगं येतो."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. गाडीत ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मी मात्र निर्धास्त होतो. मला वाटत होतं, अदालतीत जायचं, नाव सांगायचं, कागद घ्यायचा आणि दुपारी परत यायचं.

आमच्या शाळेला सुट्टी असली तरी अदालत चालू होती. बाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसलेले असायचे. त्यातल्या एकाला मी काम सांगितलं. तो म्हणाला, दिवाणी वेगळं, फौजदारी वेगळं. सायकल, टांगा, बैलगाडी, मोटार यांचे रस्त्यावरचे गुन्हे फौजदारीच्या किरकोळ मुकदम्यांत जातात, आणि निकाल लागला की मिसल, म्हणजे मुकदम्याचे सगळे कागद, बांधून मोहाफिजखान्यात पडते. त्यानं अर्ज लिहून दिला आणि जाता जाता म्हणाला, "लवकर जावा. किरकोळ मिसला काही वर्सांनी जाळून टाकतेत."

मामा माझ्याकडं बघायला लागले. कागद जळला असला तर माझी कैद तेवढी लोकांच्या तोंडात उरणार होती, आणि ती दुपारपासून चारपर्यंतचीच होती हे सांगणारं कुणी राहणार नव्हतं.

मोहाफिजखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि मधोमध एका चौरंगावर जाड चष्म्याचे, पिकल्या दाढीचे दफ्तरदार चाचा. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते स्वतः फार मोठ्यानं बोलायचे. मी नाव सांगितलं.

"नाम से यहां कुछ नहीं मिलता मियां!" ते म्हणाले. "तारीख बोलो!"

मला तारीख कुठली आठवायला? आमच्या घरी तिथी चालायची, शाळेत इंग्रजी तारीख, आणि अदालतीत फसली साल आणि त्याचे निराळेच महिने. मी म्हणालो, चार वर्षांपूर्वी, संक्रांत झाल्यावर. चाचांनी बोटांवर मोजलं. "मतलब इस्फंदार." त्यांनी त्या सालची वही काढली, धूळ फुंकली, आणि इस्फंदार महिन्याच्या पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी म्हणालो, मला उर्दू येतं, मी वाचतो. मामा चटकन म्हणाले, "न्हाई, न्हाई. त्येच वाचू द्या."

माझ्यावरचा त्यांचा विश्वास एवढाच होता.

महिना वाचून संपला. टांग्यात जादा माणसं, रस्त्यात सोडलेला घोडा, उलट्या बाजूनं हाकलेली गाडी, सगळं निघालं. मी निघालो नाही. मामांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, म्हणजे उठायची तयारी केली.

चाचांनी चष्मा वर केला. "पकडे कब, वो बोले तुम. फैसला कब हुआ?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वही निकालाच्या दिवसानं लिहिलेली होती, आणि मी पकडल्याचा दिवस धरून बसलो होतो.

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी!" मी ओरडलोच. "पिशवीत रताळी होती."

"तो फिर फरवर्दी," चाचा म्हणाले आणि पान उलटलं. मामा पुन्हा टेकले. शिवरात्रीचं नाव निघाल्यावर त्यांनाही हुरूप आला असावा. ते पुढं सरकून वहीत बघायला लागले, वाचता येत नव्हतं तरी.

चाचांचं वाचन सुरू झालं. दोन टांगे झाले, एक मोटार झाली. मग ते म्हणाले, "बैलगाडी, रस्ते के बीचोबीच. गाडीवान सोया हुआ. सरकारी मोटार रुकी रही. हॉर्न बजाने पर भी न उठा. ताकीद देकर छोडा गया. साकिन वालूर..." म्हणजे राहणार वालूर, आणि त्यांनी नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, धंदा वाचला. किराणा दुकान.

मी बस्त्यांकडं बघत राहिलो.

"चाचा, आमचं पुडं हाय," मामा घाईनं म्हणाले. "पुडं वाचा की."

"क्या?"

"पुडं! पुडं!"

"हां, वालूर!" असं म्हणून चाचांनी तीच ओळ पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, वाचून दाखवली. खोलीतले दोन कारकून मान वर करून बघायला लागले. मामांनी उपरण्यानं सगळा चेहरा पुसला.

त्याच पानाच्या तळाशी मी होतो. सायकल, घंटी नदारद, दांड्यावर एक इसम, जुर्म कबूल, कैद ता बरखास्ते अदालत. चाचा हसले. "ये काहे की कैद! तुम मास्तर लोग लडके को कोने में खडा करते, वैसी बात!"

नक्कल लिहून शिक्का बसायला दुपार झाली. तोवर आम्ही लिंबाखाली बसलो. मामांनी गाठोडं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. मग ते भाकरीकडं बघतच म्हणाले, "त्ये मगाशी वालूरचं नाव निघालं, तुमी ऐकलं असंल."

"कोन्तं वो मामा?" मी म्हणालो. "माझं ध्यान माज्या मिसलीत होतं."

त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मी चटणी खात राहिलो. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ठसका लागेपर्यंत ते हसले.

"कापूस घिऊन मोंड्याला चाललो होतो," ते सांगायला लागले. "रातभर गाडी हाकलेली. सकाळी ऊन लागलं अन् डोळा लागला. बैलांला वाट म्हाईत, त्ये चाललेत आपले मधोमध. मागं मोटार. साहेब उतरला, गाडीपशी आला अन् काठीनं मला हालवलं. मी झोपंत काय म्हनलो, सांगू? म्हनलो, 'उठलो गं, चा ठिव!'"

"मग?"

"मग काय, साहेबानं चा ठिवला न्हाई. चालान ठिवलं." डोळे पुसत ते म्हणाले, "घरात कुनालाच सांगितलं न्हाई वो. दुकानात बसून साऱ्या गावाला शानपन शिकवतो मी. आज पयल्यांदा तुमाला सांगायलोय."

त्यांनी तांब्यातलं पाणी मला दिलं आणि माझ्यानंतर ते स्वतः प्याले.

परतीच्या गाडीत ते शेजारच्या अनोळखी माणसाला माझी ओळख 'आमचे जावई' अशी करून देत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण कान तिकडंच होते. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

वालूरला त्यांनी पारावर चार माणसं बसवली आणि उर्दू येणाऱ्या एका सावकाश बोलणाऱ्या गृहस्थाकडून नक्कल वाचून घेतली. बातमी उठवणारा माणूसही तिथं होता. त्यानं 'कैद' शब्दावर बोट ठेवलं, तर मामा म्हणाले, "अर्द्या दिवसाची बसकन हाय ती. अन् रस्त्यावर चुका कुनाकडून व्हत न्हाईत, सांग की." हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की पुढं कुणी वाद घातला नाही. आठवड्यात सुपारी फुटली.

वैशाखात लग्न झालं. मामांनी परभणीला माणूस पाठवून दफ्तरदार चाचांना आमंत्रण दिलं होतं. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण सेलूपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीत असे चाचा आले. नवी शेरवानी, खिशात माझ्यासाठी अत्तराची कुपी. मांडवात मामांनी त्यांना मानाच्या जागी बसवलं, आणि जेवणाआधी मला त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं, "चाचा, त्ये मोटारीचं तेवढं हितं..."

चाचांना पहिल्या वेळी ऐकू आलं नाही. मामांना ते पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणावं लागलं. माझी नवी बायको शेजारी मान खाली घालून बसली होती, तिनं मुंडावळ्यांआडून माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, कसली मोटार? मी 'काही नाही' अशी मान हलवली.

चाचांनी मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "फिकर नक्को," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाले. "दफ्तर की बात दफ्तर में."

मग पंगत बसली. चाचांनी पुरणपोळ्या आवडीनं खाल्ल्या आणि मामा त्यांच्यापुढं तुपाची वाटी धरून शेवटपर्यंत उभे राहिले.